दौतीवरची नक्षी कशासाठी?

जुनी अमेरिकन काचेची दौत हाती आली, तर आधी नक्षीच्या कडेवरून अंगठा फिरवा. चाकावर घासून कापलेली कड बोचते. साच्यात दाबून काढलेली गोलसर, बोथट लागते. अंगावर वरखाली जाणारी बारीक रेघही दिसली, तर ती साच्याच्या दोन भागांमधली सांध.

अशी साच्यात दाबून काढलेली, म्हणजे दाबीव, काच अमेरिकेत 1820च्या दशकात रुजली. 1825 मध्ये पिट्सबर्गच्या जॉन बेकवेल यांनी खणांना लावायच्या दाबीव काचेच्या मुठींचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या सँडविच गावात डेमिंग जार्व्हस यांनी कारखाना काढला. काम थोड्या क्षणांचंच. एकानं काकवीसारखी काच सळईवर काढून साच्यावर धरायची, दुसऱ्यानं कात्रीनं गोळा तोडायचा आणि तरफ ओढून दट्ट्या खाली आणायचा. गोळा केवढा तोडायचा, हे नजरेनं. कमी पडला की काठ अपुरा, जास्त झाला की वस्तू जाड.

खरी अडचण साच्याची. काचेच्या मानानं धातू थंड. काच त्याला टेकली की वरचा पापुद्रा आधी आवळतो आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात, चकाकी जाते. यावरचा तोडगा भन्नाट होता: सपाट जागाच ठेवायची नाही! साच्यात बारीक खळगे कोरले, काचेवर ठिपके उठले. ठिपक्यांत प्रकाश विखुरतो, सुरकुती दिसत नाही आणि बशी लेससारखी चमकते. मला ही नक्षी भडक वाटायची. कारण कळल्यावर राग गेला.

1864 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावच्या विल्यम लेटन यांनी शिसं घातलेल्या काचेऐवजी सोडा-चुन्याची स्वस्त काच जमवली. 1876च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात तर गिलिंडर या काच कंपनीनं आवारातच भट्टी लावून सिंहाच्या आकाराची पेपरवेट विकली.

खिडकीशी ठेवलेल्या काही दौती पुढे जांभळट झाल्या. वाळूतल्या लोहाची हिरवट झाक मारायला काचेत मँगनीज घालत. वर्षानुवर्षं अतिनील किरण पडले की मँगनीजचा एक इलेक्ट्रॉन जातो आणि रंग उठतो. हा रंग सहसा फिकाच. गडद वांग्याच्या रंगाची दौत कोणी महाग विकत असेल, तर ती बहुधा मुद्दाम किरणांखाली ठेवलेली.