फी भागली, महिना कसा काढायचा? कैदेतून कॉलेजात येणाऱ्यांच्या विद्यावेतनाची पार्श्वभूमी

अमेरिकेत तुरुंगातून सुटून कॉलेजात येणाऱ्या विद्यार्थ्याची फी बऱ्याचदा सरकारी अनुदानातून भागते. अडतं ते खोलीच्या भाड्यापाशी, बसच्या पासापाशी, पुस्तकांपाशी. सुटकेनंतर देखरेख ठेवणाऱ्या पॅरोल अधिकाऱ्याकडच्या हजेरीसाठी कामाचा खाडा झाला तर मजुरीही बुडते. त्यावर उपाय म्हणजे हातात रोख विद्यावेतन, आणि ही कल्पना साठ वर्षांची जुनी आहे.

न्यूयॉर्क शहराच्या सिटी युनिव्हर्सिटीत १९७६ पर्यंत पदवीच्या नियमित विद्यार्थ्यांना शिकवणी-फी नव्हतीच. तरीही गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी १९६६ मध्ये राज्याच्या कायद्याने ‘सीक’ ही योजना आली, आणि तिच्यात जादा शिकवणी व समुपदेशनाबरोबर विद्यावेतनही होतं. शिक्षण फुकट असलं तरी शिकण्याच्या काळात पोट चालवावं लागतं, हे तिथे तेव्हाच मान्य झालं होतं. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट या कॉलेजात समाजशास्त्रज्ञ जॉन आयर्विन यांनी तुरुंगातून सुटलेल्यांना कॉलेजात आणणारा ‘प्रोजेक्ट रीबाउंड’ उभा केला. आयर्विन यांनी स्वतः दरोड्याच्या गुन्ह्यासाठी सोलेदादच्या तुरुंगात पाच वर्षं काढली होती, म्हणून सुटकेनंतरचे पहिले आठवडे कसे जातात हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

गरिबीनुसार मिळणारं केंद्रीय अनुदान १९७२ च्या कायद्याने आलं. १९८० मध्ये सिनेटर क्लेबोर्न पेल यांचं नाव त्याला मिळालं. कैद्यांनाही ते मिळे, आणि त्यावर शेकडो तुरुंगांत पदवीचे वर्ग भरत. १९९४ च्या गुन्हेगारीविरोधी कायद्याने राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांतल्या सगळ्यांचं पेल बंद केलं. कैदी प्रामाणिक घरांतल्या मुलांच्या तोंडचा घास पळवतात, असा प्रचार तेव्हा जोरात होता. आकडे वेगळंच सांगत होते: १९९३-९४ मध्ये सुमारे २३,००० कैद्यांना मिळून ३.५ कोटी डॉलर गेले, आणि योजनेचा एकूण खर्च ५०० कोटींहून जास्त होता. शिवाय पेलला जागांची मर्यादा नसते. पात्र असेल त्या प्रत्येकाला ते मिळतं. कैद्याला दिलं म्हणून बाहेरच्या कुणाचं कापलं गेलं नव्हतं. वर्ग मात्र पटापट बंद पडले.

१९९८ मध्ये सुटून आलेल्यांवरही घाव पडला. केंद्रीय आर्थिक मदतीच्या अर्जात अमली पदार्थांच्या शिक्षेचा प्रश्न आला. जवळ बाळगल्याचा पहिला गुन्हा असेल तर एक वर्ष मदत बंद, दुसरा तर दोन वर्षं, तिसरा तर बेमुदत. विक्रीच्या दुसऱ्या गुन्ह्यालाच बेमुदत. खुनाची शिक्षा भोगून आलेल्याला मदत मिळू शके, पण गांजासाठी पकडलेल्याला नाही. २००६ मध्ये हा नियम मदत घेत असताना केलेल्या गुन्ह्यापुरता राहिला. डिसेंबर २०२० च्या कायद्याने तो प्रश्न काढण्याचा निर्णय झाला आणि तुरुंगातलं पेलही परत आलं. ते १ जुलै २०२३ पासून लागू झालं. मधल्या काळात हे काम खासगी देणग्यांवर तग धरून राहिलं. न्यूयॉर्कमध्ये २००० साली सुरू झालेल्या ‘कॉलेज अँड कम्युनिटी फेलोशिप’ने तुरुंगातून आलेल्या स्त्रियांना शिक्षणासाठी विद्यावेतन देण्याचा पायंडा पाडला.

पेल परत आलं म्हणून विद्यावेतनाची गरज संपत नाही. पैसा कुठल्या वाटेने येतो ते पाहिलं की हे कळतं. २०२३-२४ मध्ये कमाल पेल वर्षाला ७,३९५ डॉलर होतं. ते आधी कॉलेजच्या खात्यात जातं, वर्ग सुरू होण्याच्या फार तर दहा दिवस आधी. फी वळती करून उरलेली शिल्लक विद्यार्थ्याला देण्यासाठी कॉलेजला चौदा दिवसांची मुभा असते. कॅलिफोर्नियात सुटताना हातावर ठेवतात ते २०० डॉलर, आणि ही रक्कम १९७३ पासूनची आहे. या दोन रकमांमधल्या फटीत माणूस अडकतो आणि मिळेल त्या पाळीचं काम धरून वर्ग सोडतो. सत्राचा ६० टक्के काळ संपायच्या आत वर्ग सोडला, तर मदतीचा न कमावलेला भाग सरकारकडे परत जातो. मग कॉलेज ती रक्कम विद्यार्थ्याकडे मागू शकतं, आणि त्या थकबाकीपायी पुढचा प्रवेश अडू शकतो.

म्हणून विद्यावेतनाचा पहिला हप्ता वर्ग सुरू होण्याआधी हवा, बाकीचा महिन्याच्या महिन्याला. सत्र संपल्यावर गुण पाहून दिलेली एकरकमी रक्कम बक्षीस म्हणून चांगली, पण ऑक्टोबरचं भाडं तिने भरत नाही. रक्कम ठरवण्याआधी कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला कळवायला हवं: ती इतर मदतीत धरली गेली आणि एकूण मदत गरजेपेक्षा जास्त झाली, तर कर्ज किंवा दुसरी शिष्यवृत्ती तेवढी कापली जाते. शिवाय फी आणि आवश्यक पुस्तकांवर खर्च झालेली शिष्यवृत्ती करमुक्त असते, राहण्या-खाण्याचा भाग करपात्र. हे आधी सांगितलं नाही, तर एप्रिलमध्ये विवरणपत्र भरताना विद्यार्थ्याला धक्का बसतो.