मिठागरातली चटई आणि जड कार्बन

हिवाळ्यात खंडेराव मार्केटात पापडीचे ढीग लागतात. उंधियूसाठी आम्ही बडोदेकर सकाळीच जाऊन कोवळ्या शेंगा तेवढ्या वेचतो, जून बाजूला सारतो. संध्याकाळी मात्र दोन मुठी पापडी उरलेली असते. मग निवडानिवड कसली, आहे ती सगळी पिशवीत. सकाळची पिशवी ढिगापेक्षा वेगळी असते. संध्याकाळी जो ढीग तीच पिशवी.

जंबुसरकडे, खंभातच्या आखाताच्या बाजूला, मिठागरं आहेत. मीठ धरण्याआधी पाणी आटवत ठेवतात त्या उथळ तळ्याच्या काठाशी जानेवारीत मी उकिडवा बसलो होतो. तळाशी हिरवट-तपकिरी, चामड्यासारखी चिवट चटई पसरली होती. चाकूने बोटभर तुकडा कापून उभा धरला. वर हिरवा पट्टा, खाली जांभळट, त्याखाली काळा, आणि काळ्याला सडक्या अंड्यांचा वास. हिरव्यात सायनोबॅक्टेरिया, म्हणजे झाडांसारखं प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू, जांभळ्यात गंधकाच्या संयुगांवर प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू, काळ्यात ऑक्सिजनशिवाय जगणारे. एवढा संसार काही मिलिमीटरांत! मिठागरालाही ही चटई उपयोगी, कारण ती तळ लिंपल्यासारखा बुजवते आणि खारं पाणी जमिनीत मुरू देत नाही.

आता कार्बनकडे येऊ. निसर्गातला सुमारे ९८.९ टक्के कार्बन हा कार्बन-१२ असतो आणि १.१ टक्का त्याचा जड भाऊ, कार्बन-१३. प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर हलक्याला झुकतं माप देतं. म्हणून गव्हात कार्बन-१३ चं प्रमाण ठरलेल्या मानकापेक्षा दर हजारी सुमारे २५ ने कमी भरतं. हे वजा २५ असं लिहितात. बाजरीचा आकडा वजा १२ च्या आसपास. बाजरी आधी वायू पकडून पानाच्या आतल्या पेशींत कोंडते, तिथे रुबिस्कोला निवडीला फारसा वाव उरत नाही.

खाऱ्या चटयांचा आकडा बहुधा वजा १० ते वजा १५ निघतो. म्हणजे बाजरीच्या भाकरीचा! पण चटईत बाजरीची यंत्रणा नाही. तिथे कार्बनचा तुटवडा आहे. पाणी जितकं खारं आणि तापलेलं, तितका त्यात वायू कमी विरघळतो. दुपारी प्रकाशसंश्लेषण जोरात असलं की पाण्याचा सामू ९ च्या वर चढतो आणि मोकळा कार्बन डायऑक्साइड जवळपास संपतो; राहतो तो बायकार्बोनेट आणि कार्बोनेट या विरघळलेल्या रूपांतला कार्बन. शिवाय चटईवर पाण्याचा एक मिलिमीटरहून पातळ, निश्चल थर असतो. त्यातून नवा कार्बन हळूहळूच खाली उतरतो. रात्री खालचे जीवाणू मेलेल्या पेशी खाऊन जो कार्बन डायऑक्साइड सोडतात, तोही वरचे पुन्हा वापरतात. अशा टंचाईत संध्याकाळच्या पापडीसारखा हाती येईल तो कार्बन घ्यावा लागतो, जडसुद्धा.

मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात गुएरेरो नेग्रो इथे मोठी मिठागरं आहेत. नासाचे डेव्हिड डेस मराय आणि त्यांचे सहकारी तिथल्या चटयांचा अनेक वर्षं अभ्यास करत आले. त्यातून निघालेला प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. उदयपूरजवळच्या झामरकोट्र्याला दगडात गोठलेल्या अशाच प्राचीन चटया आहेत, त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. पण जगभरच्या इतक्या जुन्या खडकांतला सेंद्रिय कार्बन बहुधा वजा २५ ते वजा ३० भरतो, म्हणजे आजच्या चटयांपेक्षा कितीतरी हलका. चटया त्याच घडणीच्या, मग आकडा वेगळा का? याचं एक पटण्याजोगं उत्तर असं की तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर होता. हा वायू उष्णता धरून ठेवतो, म्हणून सूर्य त्या काळी मंद असूनही पृथ्वीवर पाणी वाहतं राहिलं, त्याच्याशीही हे जुळतं.

काळ्या थराखालच्या मिथेनचंही तसंच. जीवाणूंसारखेच सूक्ष्म आर्किया तो बनवतात, आणि एरवी असा मिथेन वजा ५० पेक्षाही हलका असतो. खाऱ्या चटयांत त्यांचा कच्चा माल तुटपुंजा असतो, म्हणून तिथे तो कधीकधी बराच जड निघतो. उद्या मंगळावर जड कार्बनचा मिथेन सापडला, तर तेवढ्यावरून तो निर्जीव खडकातूनच आला असं म्हणता येणार नाही. खाऱ्या पाण्यातले उपाशी जीवही तसाच मिथेन सोडतात.