तारीख येईपर्यंत : ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या आमच्या ग्राहकांसाठी

आम्ही गावाकडचे दाखले-कागद काढून देतो, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त फोन महिन्याच्या मध्यावर येतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं व्हिसा बुलेटिन साधारण तेव्हाच येतं आणि भारताची तारीख (रांगेत तिच्याआधी लागलेल्यांचाच नंबर येतो) जेमतेम पंधरा दिवस सरकलेली असते, नाहीतर जागची हललेलीच नसते. मग ‘आता काय करायचं?’ हा प्रश्न ठरलेला. दरवेळी फोनवर जे सांगतो, ते इथे एकदाच लिहून ठेवतोय.

रांग पुढे ढकलणं कुणाच्याच हातात नाही, आमच्या तर नाहीच. ‘लवकर करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यातच बायको-मुलं मोजली जातात, आणि एका देशाच्या वाट्याला मोटामोटी सात टक्के. १९९० च्या कायद्यापासून हाच हिशोब चालू आहे. म्हणून २०२५ मध्येही ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीवरच्या दोन वर्गांतल्या भारतीयांची तारीख २०१२-१३ च्या आसपास घुटमळत होती. देश धरतात तो जन्माचा. तुम्ही जन्माने भारतीय, पण नवरा किंवा बायको मस्कतला, दुबईला जन्मलेली असेल, तर त्या देशाची रांग तुम्हाला मिळू शकते. ही गोष्ट वकिलांना सांगायची राहून गेलेली माणसं आम्ही पाहिली आहेत.

तारीख मागेही जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये ईबी-२ भारताची तारीख १ डिसेंबर २०१४ होती. ऑक्टोबरमध्ये ती १ एप्रिल २०१२ वर आली. तारीख पुढे होती तेव्हा ज्यांचे कागद तयार होते त्यांनी आय-४८५ (ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज) भरून टाकला. बाकीचे गावाकडून जन्मदाखला येण्याची वाट बघत बसले.

आता आमच्या कामाचं. सत्तर-ऐंशीच्या दशकात जन्मलेल्यांचे दाखले क्वचितच सरळ निघतात. सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत आम्ही एका ताईंसाठी १९८१ ची नोंदवही काढायला लावली. पानाची कड वाळवीने खाल्लेली. रकान्यात ‘स्त्री’, वडिलांचं नाव, तारीख. मुलीच्या नावाची जागा कोरी. बाळाची नोंद बारशाच्या आधीच झालेली, त्यात नाव येणार कुठून? ते पुढे अर्ज करून घालून घ्यावं लागतं. नोंदच नसेल तर ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घ्यायचा, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि तुमच्या जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. आता नव्याने नोंद करायची म्हटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्यात महिने जातात.

ही प्रतिज्ञापत्रं आजच करून घ्या. तुमची तारीख यायला अजून दहा वर्षं असतील, पण आत्या आज शहाऐंशी वर्षांची आहे.

दुसरी भानगड नावांची. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि आपल्याकडे काही घरांत पहिलं नावही बदलतात. दाखल्यावर ‘सुनंदा’, पासपोर्टवर ‘मानसी’, आणि अमेरिकेतल्या अधिकाऱ्याला या दोघी एकच हे कागदावर दिसायला हवं. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नोंद असेल तर तीही काढून ठेवा. मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या सहीच्या प्रमाणपत्रासह, लागतंच. अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) मात्र आय-४८५ साठी लागत नाही. ते करून देण्याचे आम्ही पैसे घेतो, तरीही सांगतोय.

नोकरीबद्दल थोडक्यात. आय-१४० (कंपनीने तुमच्यासाठी भरलेला ग्रीन कार्डाचा अर्ज) मंजूर असेल आणि तारीख आली नसेल, तर एच-१बी हा नोकरीचा व्हिसा सहा वर्षांपुढेही तीन-तीन वर्षांनी वाढवून घेता येतो. कंपनी बदलली तरी जुनी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची तारीख, सहसा टिकते. नव्या कंपनीला कागदपत्रं पुन्हा करावी लागतात, इतकंच. त्यामुळे केवळ रांगेपायी नकोशा नोकरीत कुढत बसू नका, पण राजीनाम्याआधी वकिलांशी बोला. आम्ही वकील नाही. मुलं मोठी होत असतील तर एकविसाव्या वर्षाचा हिशोबही (त्यापुढे मूल तुमच्यासोबत मोजलं जात नाही) वकिलांकडूनच करून घ्या. आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता, तितके दिवस वयातून वजा होतात.

आय-१४० च्या मंजुरीपत्राची प्रत स्वतःजवळ असू द्या. कंपनीची फाइल तुम्ही सोडल्यावर कुणी शोधून देत नाही.

आम्हाला काम देताना जन्मगाव, तेव्हाचा तालुका-जिल्हा (जिल्हे नंतर फुटले आहेत), आई-वडिलांची तेव्हाची नावं आणि पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाचा फोटो पाठवा. मूळ कागद कुरिअरने पाठवू नका.