पार्श्वभूमी : ‘ब्रेक सरळ रेषेतच’ हा नियम आला कुठून?

‘वळणाआधी ब्रेक पूर्ण सोडा, मगच स्टिअरिंग फिरवा’ हा नियम ड्रम ब्रेकच्या काळात शोभत होता. तापलेला ड्रम एका बाजूला जास्त धरायचा, गाडी तिकडे ओढली जायची आणि चाकं वळलेली असली तर गिरकी ठरलेलीच. १९५३ साली ल मानची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या गाडीने जिंकली. पुढच्या काही वर्षांत नियमामागचं मुख्य कारणच उरलं नाही, पण नियम शिकवला जातच राहिला.

खरा घोळ ‘ट्रेल ब्रेकिंग’ या शब्दाचा, म्हणजे हा नियम मोडून वळणात शिरतानाही ब्रेक धरून ठेवण्याचा. स्टिअरिंग वाढेल तसतसा पेडलवरचा दाब कमी करत नेणं, हा त्याचा एक अर्थ. ब्रेक किंचित धरून मागची बाजू हलकी ठेवायची आणि गाडीचं नाक आत वळवून घ्यायचं, हा दुसरा. उशिरा ब्रेक मारून घाबरल्यावर वळणभर पाय तसाच रोवून ठेवणं, यालाही लोक तेच नाव देतात. विरोधक बहुतेक वेळा या तिसऱ्यावरच तुटून पडतात, आणि तिथे त्यांचं बरोबरही आहे.

पहिल्या दोहोंचा हिशेब सोपा आहे. १२०० किलोची गाडी, वजन पुढे-मागे निम्मं, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.५ मीटर, गुरुत्वमध्य ०.५ मीटर उंचीवर. १ जीचा (गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराचा) ब्रेक लागला की २४० किलो भार पुढे सरकतो. पुढे ८४०, मागे ३६०. पेडल झटक्यात सोडलं की हा भार मागे परततो, पुढच्या टायरची पकड घटते आणि गाडी सरळ निघते. टायरची निम्मी पकड ब्रेकला दिली तरी वळायला सुमारे ८७ टक्के उरते. ९० टक्के दिली तर जेमतेम ४४. म्हणून वळणात शिरताना शेवटचा हलका दाबच कामाचा.

१९६०च्या दशकाअखेर शर्यतीच्या गाड्यांवर विंग आल्या, म्हणजे हवेच्या जोराने गाडी रस्त्यावर दाबणारे पंख. या दाबाला डाउनफोर्स म्हणतात. वेग ताशी २४० किमीवरून १२० वर आला की डाउनफोर्स चौथाईवर येतो. म्हणजे सुरुवातीला पेडल जोरात दाबून नंतर दाब उतरवत नेणं सरळ रेषेतही भागच पडलं.

डाव्या पायाने ब्रेक लावणं त्याच दशकात स्कँडिनेव्हियन रॅलीचालकांनी फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाड्यांवर रुळवलं होतं. फॉर्म्युला वनमध्ये १९८९ साली स्टिअरिंगवरून गिअर बदलणारी गाडी आली. गिअर बदलताना क्लच दाबायचं काम सुटलं, डावा पाय ब्रेकसाठी मोकळा झाला. कार्टिंगमधून येणाऱ्या मुलांना ही सवय आधीपासूनच असते. मात्र बहुतेक कार्टला ब्रेक फक्त मागच्या अॅक्सलवर असतो, आणि गाडीत मुख्य काम पुढचे ब्रेक करतात.