ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर मागे राहणारं दुखणं

ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, टाके सुकले, रिपोर्टही चांगले आले, तरी छातीत, काखेत किंवा दंडाच्या आतल्या बाजूला 3 महिन्यांच्या वर दुखतच राहिलं तर त्याला डॉक्टर पोस्ट मास्टेक्टॉमी पेन सिंड्रोम म्हणतात. नावात मास्टेक्टॉमी असली तरी पूर्ण स्तन काढलेल्यांनाच होतं असं नाही, नुसती गाठ काढलेल्या बायांनाही होतं. आणि हे बऱ्याच जणींना होतं. डेन्मार्कमध्ये 2005-06 मध्ये ऑपरेशन झालेल्या बायांना 2008 मध्ये विचारलं तर उत्तर देणाऱ्या 3,253 जणींपैकी 47 टक्के म्हणाल्या की अजून दुखतं.

कारण बहुतेक वेळा नसेचं (म्हणजे नर्व्हचं, रक्तवाहिनीचं नाही) असतं. काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढताना तिथून जाणारी इंटरकोस्टोब्रेकियल नावाची बारीक नस ताणली जाते किंवा कापली जाते, दंडाच्या आतल्या भागाला स्पर्श कळतो तो हिच्यामुळे, म्हणून तिथली चामडी बधिर पण होते आणि तिथेच आग पण होते. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं, बधिर आहे तर दुखेल कसं, पण नस दुखावली की असंच होतं. बाया सांगतात की ठणकतं, मुंग्या येतात, करंट मारल्यासारखं होतं, कोणाला तर काढलेल्या जागीच स्तन असल्यासारखं वाटून दुखतं. कमी वयात ऑपरेशन, काखेतल्या सगळ्या गाठी काढणं, रेडिएशन, ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांतलं जोराचं दुखणं, यांनी शक्यता वाढते.

नागपुरात तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), जामठ्याचं कॅन्सर हॉस्पिटल इथे विदर्भातूनच नाही तर मध्य प्रदेश, छत्तीसगडमधूनही पेशंट येतात, ऑपरेशन करून गावी जातात आणि खरं दुखणं घरी सुरू होतं. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की घामाने ब्लाऊज चिकटतो आणि काखेतली शिवण नुसती घासली तरी चटका बसतो. माझ्या मावशीने बर्डीच्या टेलरकडून सगळे ब्लाऊज ढिले, मऊ सुती आणि समोरून हुक असलेले शिवून घेतले. स्कूटीवर मागे बसली तर खड्डा आला की हात छातीशी धरायची. पण सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते लोकांचं बोलणं, "कॅन्सर गेला ना बाई, आता कायचं दुखते." घरच्यांनी हे तरी बोलू नये, दुखणं खरं आहे.

उपाय आहेत, पण साध्या पेनकिलरने नसेचं दुखणं सहसा नीट थांबत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन अशा गोळ्या देतात. यातल्या काही मुळात फिट्सच्या किंवा डिप्रेशनच्या आहेत, म्हणून मेडिकल स्टोअरवाला काही बोलला की घरात गडबड उडते, "हिला वेडाच्या गोळ्या दिल्या". तसं नाही, त्याच गोळ्या नसेच्या दुखण्यावरही चालतात. झोप येते, चक्कर येते, आणि आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत.

फिजिओथेरपी तेवढीच महत्त्वाची. दुखतं म्हणून हात हलवला नाही तर खांदा आखडतो, मग केस विंचरणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, सगळंच अडतं. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम असतो. मावशी तो स्वयंपाकघरात करायची, जिथवर बोट पोचलं तिथे पेन्सिलची रेघ मारायची, 2 महिन्यांत रेघा स्विचबोर्डाच्या वर गेल्या, मधे 1 आठवडा एकाच जागी 4 रेघा आहेत, तेव्हा ती रडली होती.

प्रत्येक ठणक म्हणजे कॅन्सर परत आला असं नाही, ही भीती मात्र प्रत्येकीला असते आणि रात्री जास्त असते. पण दुखणं नवीन असेल, वाढत असेल, हाडात असेल, व्रणाजवळ गाठ लागत असेल, हात सुजत किंवा लाल होऊन तापत असेल तर फॉलोअपच्या तारखेची वाट न बघता लगेच दाखवायचं.