सांगलीची हळद जेबेल अलीला: एका कंटेनरची कागदपत्रं

"हळद पॉलिश होऊन गोदामात पडलीय, दुबईची ऑर्डर पक्की झालीय, आता कागद कुठून सुरू करायचे?" दर हंगामात हा प्रश्न मला कुणीतरी विचारतंच. जेबेल अलीला, म्हणजे दुबईच्या बंदरात, जाणाऱ्या २० फुटी एका कंटेनरचा हिशेब धरून सांगतो.

आधी पात्रता. पॅन असलेली व्यक्ती, भागीदारी संस्था, कंपनी, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, कुणीही निर्यात करू शकतं. त्यासाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक, हवा. डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ५०० रुपये भरून अर्ज करायचा; पॅन, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला धनादेश पुरतो. पॅनचा नंबर हाच आयईसीचा नंबर. मात्र काही बदललं नसलं तरी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत करावा लागतो, नाहीतर निष्क्रिय होतो. हळद मसाल्यात मोडते, म्हणून स्पाइसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणीही हवी. जीएसटी न भरता माल पाठवायचा असेल तर त्या आर्थिक वर्षाचा एलयूटी, म्हणजे जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र, आधीच भरून ठेवा. बँकेचा १४ अंकी एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तिच्या शाखेचा क्रमांक) आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर न्हावा शेवा बंदरासाठी नोंदवलेला असू द्या. ही कामं एकदाच नीट करायची, पुढे फक्त मुदती सांभाळायच्या.

प्रत्येक खेपेला कायद्याने लागणारे कागद मुळात तीनच: इनव्हॉइस-पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टम्सकडे करायचा निर्यातीचा अर्ज) आणि बिल ऑफ लेडिंग (शिपिंग लाइनने दिलेली मालाची पावती, जिच्या मूळ प्रतीवर गिऱ्हाईक तिकडे माल सोडवतं). सरकारने २०१५ मध्ये यादी इतकी आटोपशीर केली. बाकीचे कागद मालावर आणि गिऱ्हाइकाच्या देशावर ठरतात. हळदीला वनस्पती संगरोध खात्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (मालात कीड-रोग नसल्याचा दाखला) आणि धुरीकरणाचा दाखला बहुधा मागतात. भारत-यूएई करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्याखाली शुल्कसवलत हवी असेल तर उत्पत्ती प्रमाणपत्र डीजीएफटीच्या पोर्टलवरून काढायचं.

सगळ्यात जास्त वेळ पॅकिंग लिस्टवर घालवा, कारण पुढचे सगळे आकडे तिथूनच उचलले जातात. समजा, ५० किलोची ३६० पोती आहेत. निव्वळ वजन १८,००० किलो. रिकामं पोतं ६०० ग्रॅमचं धरलं तर २१६ किलो वाढले, एकूण १८,२१६. कंटेनरच्या दारावर त्याचं स्वतःचं वजन लिहिलेलं असतं, समजा २,२३०. बेरीज २०,४४६ किलो. हे झालं व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन. १ जुलै २०१६ पासून ते दिल्याशिवाय कंटेनर बोटीवर चढत नाही. आत पुठ्ठे, दोऱ्या टाकल्या असतील तर त्यांचंही वजन त्यात धरायचं. वजनकाट्यावर भरलेला कंटेनर तोलूनही हा आकडा देता येतो, आणि नवख्याने तेच करावं.

एकदा माझ्याच हातून घोळ झाला. शिपिंग बिल ३६० पोत्यांचं दाखल झालं होतं. भरताना हमालांनी दोन फाटकी पोती बाजूला ठेवली, ते मला सांगितलं, आणि मी सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटला, कळवायचं विसरलो. बिल ऑफ लेडिंगवर ३५८ आली. माल दुबईला पोहोचून विकलाही गेला, पण बोटीच्या ईजीएमशी, म्हणजे शिपिंग लाइन कस्टम्सला देते त्या मालाच्या यादीशी, शिपिंग बिल जुळेना, आणि कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्ती होईपर्यंत कराचा परतावा अडकून राहिला. तेव्हापासून दार बंद होईपर्यंत मी तिथून हलत नाही. पोती मोजतो, सीलचा आणि कंटेनरचा नंबर फोटोत घेतो. कंटेनरचा नंबर म्हणजे चार अक्षरं आणि सात अंक. शेवटचा अंक तपासणीचा असतो, त्यामुळे नंबर टंकताना चूक झाली तर बहुतेकदा सिस्टिमच पकडते. पोत्यांची संख्या मात्र कुणी पकडत नाही.

इनव्हॉइस नंबरचंही तसंच. आयजीएसटी (निर्यातीवर लागणारा जीएसटी) भरून माल पाठवला असेल तर जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात आणि शिपिंग बिलात तो अक्षरशः एकच हवा. एकीकडे '००७' आणि दुसरीकडे '७' लिहिलं तरी कस्टम्सच्या सिस्टिमवर एसबी००५ ही त्रुटी येते आणि परतावा थांबतो. म्हणून सीएचए शिपिंग बिलाची चेकलिस्ट पाठवतो, ती 'ओके' म्हणून परत करू नका. इनव्हॉइस शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचा: गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव, एचएस कोड (मालाचा वर्गीकरण क्रमांक), पोत्यांवरचा मार्का.

शिपिंग बिल दाखल झालं, फॉर्म १३ वर (बंदराच्या प्रवेशपत्रावर) कंटेनर गेटमधून आत गेला, कस्टम्सने लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर पाठवायची परवानगी, दिली, की आपल्याकडे बिल ऑफ लेडिंगचा मसुदा येतो. तो बोट सुटण्याआधीच तपासा. नंतरच्या दुरुस्तीला शिपिंग लाइन पैसे लावते. जेबेल अली जवळ आहे, बोटीला आठवडाही लागत नाही. मूळ तीन प्रती बँकेमार्फत फिरत बसल्या तर माल आधी पोहोचतो आणि गिऱ्हाइकाला तिथलं भाडं बसतं. पैसे आगाऊ मिळाले असतील तर प्रती इथेच शिपिंग लाइनकडे जमा करून टेलेक्स रिलीज घ्या, म्हणजे तिकडे मूळ प्रतीशिवाय माल सुटतो. पैसे यायचे असतील, तर कितीही घाई केली तरी प्रती हातच्या सोडू नका.

बोट सुटल्यावर २१ दिवसांच्या आत सगळा संच बँकेत द्यायचा असतो. मी तो पहिल्याच आठवड्यात देतो, आणि बँकेच्या शिक्क्याची पोच फाइलमध्ये पॅकिंग लिस्टच्या वर लावतो.