सोलरचा अर्ज भरण्याआधी वीजबिलावरचं नाव तपासा

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनल बसवायचे आणि त्यासाठी २०२६-२७ पर्यंत ७५,०२१ कोटी रुपये खर्चायचे, असा तिचा आवाका. अर्ज मोबाइलवरूनही भरता येतो. तो अडकतो ते बहुतेकदा कागदांवरच्या नावांमुळे. म्हणून सुरुवात कागदांपासून करू.

आधी वीजबिल हातात घ्या

अर्ज ज्याच्या नावाने वीजजोडणी आहे त्याच्याच नावाने होतो. आपल्याकडे कित्येक घरांची बिलं अजून आजोबांच्या किंवा दिवंगत वडिलांच्या नावावर येतात. बिल भरलं जातं, त्यामुळे कुणाला बदलावंसं वाटत नाही. सोलरचा अर्ज मात्र तिथेच थांबतो. अनुदान ज्या बँक खात्यात यायचं त्यावरचं नावही बिलावरच्या नावाशी जुळावं लागतं. बिलावर ‘पाटील एस. आर.’, आधारवर ‘शंकर रामचंद्र पाटील’ आणि पासबुकावर ‘शंकरराव पाटील’ असेल, तर आधी महावितरणकडे नाव बदलण्याचा किंवा दुरुस्तीचा अर्ज द्या. सोलर त्यानंतर.

बिलावरून आणखी तीन गोष्टी टिपून ठेवा: बारा अंकी ग्राहक क्रमांक, चार अंकी बिलिंग युनिट आणि मंजूर भार (एका वेळी किती किलोवॉट वीज वापरायची परवानगी आहे तो आकडा). थकबाकी असेल तर ती भरूनच पुढे जा. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरचे ग्राहक असाल तर योजनेच्या सरकारी पोर्टलवर वितरण कंपनी निवडताना तीच निवडा.

कोण पात्र?

भारतीय नागरिक, स्वतःच्या मालकीचं छत, घरगुती वीजजोडणी, आणि त्या घराने याआधी सोलर पॅनलसाठी अनुदान घेतलेलं नसावं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची गच्ची सामाईक असते, त्यामुळे सोसायटीचं ना हरकत पत्र हवं. आणि ते मिळवणं हे या सगळ्या प्रक्रियेतलं सर्वांत अवघड काम असू शकतं! सोसायटीला लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी वेगळा अर्ज करता येतो. त्याला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे.

कागद

अलीकडचं वीजबिल, आधार, रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान, आणि छत आपलं असल्याचा पुरावा. शहरात मालमत्ता कराची पावती चालते. गावात घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ लागतो. इथे हमखास घोळ होतो: तलाठ्याकडचा ८-अ हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा, घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. कर्ज काढणार असाल तर उत्पन्नाचे कागद बँक वेगळे मागेल. तीन किलोवॉटपर्यंत दोन लाखांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं, आणि त्याचा व्याजदर रेपो दराशी, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्याशी, जोडलेला असतो.

किती किलोवॉट घ्यायचे?

पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान, तिसऱ्याला १८,००० रुपये. म्हणजे तीनला ७८,००० रुपये, आणि त्यापुढे कितीही बसवा, अनुदान तेवढंच. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट मिळतात. पावसाळ्यात कमीच. विक्रेता पाच किलोवॉट गळ्यात मारू पाहील, पण तुमचा वापर दोनशे युनिटचा असेल तर दोन किलोवॉट पुरतात. जास्तीची वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वितरण कंपनीच्या तारांमध्ये, जाते आणि पुढच्या महिन्यात वळती होते, हे खरं. पण ३१ मार्चला जी शिल्लक उरते तिचा हिशेब तुम्ही वीज घेता त्या दराने होत नाही, त्याहून बऱ्याच कमी दराने होतो.

अनुदान मोजताना पॅनल आणि इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) यांपैकी ज्याची क्षमता कमी तीच धरतात. छतावर तीन किलोवॉटचे पॅनल आणि खाली दोनचा इन्व्हर्टर असेल, तर अनुदान दोनचंच. कोटेशनमध्ये दोन्ही आकडे स्वतः वाचा. पॅनल, आणि त्यातले सेलसुद्धा, भारतात बनलेलेच हवेत. स्वस्तात मिळणाऱ्या इतर पॅनलवर हे अनुदान मिळत नाही.

अर्ज ते मीटर

पीएम सूर्यघरच्या सरकारी पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करा, ओटीपी द्या, अर्ज भरा. दहा किलोवॉटपर्यंत तांत्रिक तपासणीची वाट पाहावी लागत नाही, मंजुरी मिळाल्याचं धरलं जातं. मंजूर भार कमी पडत असेल तर तोही वितरण कंपनीच वाढवते. मग पोर्टलवर नोंदणी असलेल्या विक्रेत्यांपैकी एक निवडून करार करायचा. पाच वर्षांची देखभाल करारात लिहून घ्या. दारावर येणारा माणूस कितीही गोड बोलला तरी त्याच्या कंपनीचं नाव त्या यादीत आहे का, ते आधी पाहा.

बसवून झाल्यावर पॅनलचे अनुक्रमांक आणि तुम्ही शेजारी उभे असलेला फोटो पोर्टलवर चढवला जातो. वितरण कंपनीचे लोक तपासणी करतात, जुन्या मीटरच्या जागी नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागतो आणि यंत्रणा सुरू झाल्याचं कार्यान्वयन प्रमाणपत्र निघतं. त्यानंतर बँकेचे तपशील भरले की अनुदान साधारण तीस दिवसांत थेट खात्यात येतं. विक्रेत्याचे पैसे मात्र आधी तुम्हालाच भागवायचे असतात.

महिन्याला शंभर युनिटच्या आत वापर असलेल्यांसाठी राज्य सरकारची ‘स्मार्ट’ योजना एका किलोवॉटच्या केंद्रीय अनुदानावर भर घालते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना राज्याकडून १७,५०० रुपये जास्त मिळतात. तुम्ही त्यात बसत असाल तर महावितरणकडे आधी त्याची चौकशी करा.

नावात ‘मोफत’ असलं तरी स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी लागणारी ठरावीक रक्कम, बिलात येतच राहतो. आणि वीज गेली की बॅटरी नसलेली ऑनग्रिड (ग्रिडला जोडलेली) यंत्रणा भर उन्हातही बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी बनवलेली असते. लोडशेडिंगमध्ये पंखा फिरावा एवढ्याचसाठी सोलर घेणार असाल, तर बॅटरीचा खर्च वेगळा धरा. अनुदानात तो येत नाही.